कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांचा संसर्ग: घरी काय करता येते आणि कुठे थांबावे

कुत्र्याचा डोळा लाल झाला किंवा मांजराच्या डोळ्याच्या कोपऱ्यात पिवळी चिपडे साचू लागली, की घरातल्याच एखाद्या वस्तूने हा त्रास बरा करता येईल का, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर अर्धेच होकारार्थी आहे. डोळा स्वच्छ ठेवणे, प्राण्याला तो खाजवू न देणे आणि होणारे बदल नेमकेपणाने टिपणे ही तीन कामे घरी उत्तम होतात, आणि त्रास केवळ धुळीचा किंवा सौम्य जळजळीचा असेल तर तेवढ्यानेही एक-दोन दिवसांत डोळा निवळतो. मात्र जिवाणूंचा किंवा विषाणूंचा संसर्ग, अश्रूंची कमतरता, आत वळलेली पापणी, डोळ्यासमोरच्या पारदर्शक पडद्यावरची म्हणजे कॉर्नियावरची जखम आणि डोळ्यातील वाढलेला दाब या सर्वांमध्ये बाहेरून दिसणारे चित्र जवळपास सारखेच असते. यांतल्या एका कारणावर गुणकारी ठरणारे औषध दुसऱ्या कारणात डोळ्याचे कायमचे नुकसान करू शकते. त्यामुळे घरगुती उपाय म्हणून पुढे जे सांगितले आहे ते स्वच्छतेचे आणि काळजीचे उपाय आहेत. औषधाची निवड पशुवैद्यावर सोडावी.

पहिली पायरी: हात न लावता पाहणी

प्राणी शांत असताना, पुरेशा उजेडात, त्याच्या समोर बसून दोन्ही डोळे एकमेकांशी ताडून पाहावेत. एकच डोळा बिघडला असेल तर काही तरी टोचले आहे, ओरखडा आहे किंवा आत कण अडकला आहे, अशी शक्यता आधी विचारात घ्यावी. दोन्ही डोळे एकदम बिघडले असतील तर संसर्ग, ॲलर्जी किंवा कोरडेपणा याकडे लक्ष जाते. हा नियम पक्का नाही, कारण मांजरांतील काही संसर्ग एका डोळ्यात सुरू होऊन काही दिवसांनी दुसऱ्यात पोहोचतात, पण सुरुवातीला दिशा मिळण्यासाठी तो उपयोगी पडतो.

सर्वांत महत्त्वाची खूण लाली नव्हे, तर डोळा किती उघडा आहे ही आहे. प्राणी डोळा किलकिला ठेवत असेल, सारखा मिचकावत असेल किंवा घट्ट मिटून बसला असेल तर त्याला वेदना आहेत असे समजावे. कुत्री-मांजरे डोळ्याच्या दुखण्याने क्वचितच विव्हळतात. ती उजेड टाळतात, कमी खेळतात आणि पंज्याने किंवा जमिनीवर तोंड घासून डोळा चोळतात. यानंतर कॉर्निया पाहावा. तो काचेसारखा स्वच्छ असायला हवा; त्यावर धुरकट, निळसर किंवा पांढरा डाग दिसणे ही चांगली खूण नव्हे. दोन्ही बाहुल्या सारख्याच आकाराच्या आहेत का, तेही पाहावे. आतल्या कोपऱ्यातून वर सरकणारी तिसरी पापणी बहुतेक वेळा लपलेली असते. ती एकाच डोळ्यावर आलेली दिसली तर त्या डोळ्यात दुखत असण्याची शक्यता मोठी असते, आणि मांजराच्या दोन्ही डोळ्यांवर आलेली दिसली तर आजार डोळ्याबाहेर, पोटात किंवा अन्यत्र, असू शकतो. तरुण कुत्र्याच्या आतल्या कोपऱ्यात अचानक गुलाबी-लाल गोळा दिसू लागला तर तो बहुधा संसर्ग नसून तिसऱ्या पापणीतील ग्रंथी बाहेर आलेली असते. ही ग्रंथी अश्रूंचा मोठा वाटा तयार करते, त्यामुळे ती दाबून आत ढकलू नये आणि कापून टाकण्याची घाईही करू नये. शस्त्रक्रियेने ती जागेवर बसवणे हाच योग्य उपाय आहे.

आता स्राव. झोपून उठल्यावर आतल्या कोपऱ्यात तपकिरी, कोरडा, चिमूटभर खर दिसणे नैसर्गिक आहे. फिक्या रंगाच्या प्राण्यांत डोळ्याखाली केसांवर पडणारे तांबूस डागही बहुधा अश्रूंमधल्या रंगद्रव्यामुळे पडतात. अश्रू सतत ओघळत का आहेत याचा शोध घ्यावा, पण डाग म्हणजेच संसर्ग असे समजू नये. स्वच्छ पाण्यासारखा स्राव जळजळ, ॲलर्जी, कण किंवा विषाणू-संसर्गाची सुरुवात सुचवतो. पिवळा किंवा हिरवट, घट्ट स्राव जिवाणूंची वाढ दाखवतो, पण ती वाढ बऱ्याचदा दुय्यम असते आणि मूळ कारण वेगळेच असते. डोळ्याच्या पृष्ठभागाला तारेसारखा चिकटून राहणारा, पुसला तरी काही तासांत पुन्हा येणारा चिकट स्राव आणि त्यासोबत निस्तेज दिसणारा डोळा हे कुत्र्यांतील कोरड्या डोळ्याचे नेहमीचे चित्र आहे. हा आजार नव्याने कुत्रा पाळणाऱ्यांकडून सर्वाधिक वेळा ‘साधा संसर्ग’ समजून दुर्लक्षित होतो, असे मला वाटते.

पाहणी झाल्यावर मोबाइलवर दोन्ही डोळ्यांचे छायाचित्र काढून ठेवावे. उद्याचा डोळा आजच्यापेक्षा बरा आहे की वाईट, हे आठवणीवर ठरवू नये.

कोणत्या वेळी घरगुती उपायांचा विचारही करू नये

पुढील गोष्टींपैकी एकही दिसली तर त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, पशुवैद्याकडे जावे. डोळा घट्ट मिटलेला असणे, कॉर्निया धुरकट किंवा निळसर दिसणे, बाहुल्या असमान असणे, डोळ्यात रक्त दिसणे, डोळा नेहमीपेक्षा मोठा किंवा पुढे आलेला वाटणे, प्राणी वस्तूंना धडकू लागणे, भांडणात ओरखडा लागणे किंवा काही तरी टोचलेले दिसणे ही ती लक्षणे होत. मांजराच्या नखाने झालेली बारीक जखमही एक-दोन दिवसांत खोल व्रणात, म्हणजे चिघळलेल्या जखमेत, बदलू शकते, कारण जिवाणू आणि जखमेतील पेशी जी विकरे सोडतात ती कॉर्निया अक्षरशः विरघळवतात. काचबिंदूच्या तीव्र झटक्यात दाबामुळे दृष्टी काही तासांत ते काही दिवसांत जाऊ शकते, आणि त्याची सुरुवातही लाल डोळ्यानेच होते.

चपट्या तोंडाच्या जातींत, म्हणजे पग, शिह त्झू, पेकिनीज किंवा पर्शियन मांजर यांच्यात, डोळे उथळ खोबणीत असतात आणि पापण्या पूर्ण मिटत नाहीत. त्यांच्या बाबतीत थांबण्याची मुदत इतरांपेक्षा कमी धरावी. मार लागून डोळा खोबणीबाहेर आलाच, तर तो आत ढकलण्याचा प्रयत्न न करता सलाइनने भिजवलेले स्वच्छ गॉझ त्यावर धरावे आणि लगेच निघावे. डोळ्यात साबण, फिनाइल, चुना किंवा अन्य रसायन गेले असेल तर क्रम उलटा करावा: आधी सलाइनने किंवा स्वच्छ कोमट पाण्याने सलग १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा, आणि मगच दवाखान्याकडे निघावे. आत रुतलेले कुसळ किंवा काच घरी उपटू नये.

पिल्लांची गोष्ट वेगळी आहे. मांजराच्या पिल्लांचे डोळे साधारण ७ ते १४ दिवसांत आणि कुत्र्याच्या पिल्लांचे १० ते १४ दिवसांत उघडतात. त्याआधीच मिटलेल्या पापणीखाली फुगवटा दिसला किंवा कोपऱ्यातून पू झिरपू लागला तर आत साठलेला पू वेळेत बाहेर काढावा लागतो, नाहीतर डोळ्याची हानी होते. पापण्या बोटांनी फाडून उघडू नयेत. हे काम पशुवैद्याचे आहे.

दुसरी पायरी: सलाइनने स्वच्छता

वरील लक्षणे नसतील आणि प्राणी खातपीत असेल, खेळत असेल, तर स्वच्छता सुरू करावी. त्यासाठी ०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक द्रावण, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारे साधे नॉर्मल सलाइन, सर्वांत योग्य असते. अश्रूंची खारटपणाची पातळी जवळपास तेवढीच असल्यामुळे ते झोंबत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स धुण्याचे द्रावण दिसायला तसेच असले तरी त्यात जंतुनाशके असतात आणि काहींत हायड्रोजन पेरॉक्साइडही असते, त्यामुळे ते वापरू नये.

तयार सलाइन मिळाले नाही तर घरीही करता येते. अर्धा लिटर पाणी काही मिनिटे खळखळून उकळावे, त्यात साडेचार ग्रॅम साधे मीठ, म्हणजे सपाट छोट्या चमच्यापेक्षा किंचित कमी, पूर्ण विरघळवावे आणि झाकून थंड होऊ द्यावे. मीठ अंदाजाने जास्त घालू नये. हे द्रावण उकळून घेतलेल्या बाटलीत शीतकपाटात ठेवावे, वापरण्याआधी लागेल तेवढे कोमट करून घ्यावे आणि २४ तासांनंतर उरलेले फेकून द्यावे.

हात साबणाने धुवावेत. प्राण्याला समोरून न धरता मागून किंवा बाजूने धरावे, कारण समोरून डोळ्याकडे येणारा हात त्याला भिववतो; मांजराला मोठ्या टॉवेलमध्ये पंजे आत राहतील असे गुंडाळल्यास दोघांचेही काम सोपे होते. गॉझचा तुकडा किंवा धागे न सुटणारे मऊ कापड सलाइनमध्ये भिजवून पिळून घ्यावे. सुट्या कापसाचे तंतू डोळ्यात चिकटतात, म्हणून तो टाळावा. वाळलेली चिपडे ओढून काढू नयेत. ओला तुकडा अर्धा ते एक मिनिट त्यांवर हलकेच धरला की ती मऊ होऊन आपोआप सुटतात. नंतर आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या दिशेने, डोळ्याच्या गोळ्याला न घासता, एकदाच पुसावे आणि तो तुकडा टाकून द्यावा. पुढच्या वेळी नवा तुकडा घ्यावा, आणि दुसऱ्या डोळ्यासाठी तर नक्कीच नवा. आधी कमी बिघडलेला डोळा आणि नंतर जास्त बिघडलेला, असा क्रम ठेवावा. डोळ्यात धूळ किंवा केस तरंगत असेल तर वरची पापणी किंचित उचलून सलाइनची बारीक धार कोपऱ्यातून सोडावी.

हे दिवसातून दोन-तीन वेळा करावे. स्राव जास्त असेल तर अधिक वेळा केले तरी चालते. डोळ्याभोवतीचे केस आत शिरत असतील तर ते कापण्याचा मोह होतो, पण हलणाऱ्या प्राण्याच्या डोळ्याजवळ कात्री नेण्यापेक्षा ते ओल्या गॉझने बाजूला बसवावेत आणि कापण्याचे काम सरावलेल्या व्यक्तीकडून करून घ्यावे.

तिसरी पायरी: शेक, वंगण आणि खाजवण्याला अटकाव

पापण्यांच्या कडा सुजलेल्या असतील किंवा खर फार घट्ट असेल तर कोमट शेकाने बरे वाटते. स्वच्छ कापड कोमट पाण्यात भिजवून पिळावे, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून ते भाजत नाही याची खात्री करावी आणि मिटलेल्या डोळ्यावर दोन ते पाच मिनिटे, दाब न देता, धरावे. प्राणी झटका देऊन तोंड फिरवत असेल तर जबरदस्ती करू नये.

संरक्षक रसायने नसलेले कृत्रिम अश्रू, म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा हायलुरोनेट असलेले साधे वंगण, कोरडेपणा आणि जळजळ कमी करण्यासाठी वापरता येते. माणसांच्या औषधांपैकी घरी ठेवण्यासारखे डोळ्यांचे औषध कोणते, असे विचारले तर मी एवढेच एक सांगेन. त्यावर ‘लाली घालवणारे’ असे लिहिलेले मात्र नसावे. तसल्या थेंबांत रक्तवाहिन्या आकुंचित करणारी द्रव्ये असतात आणि ती प्राण्याने चाटली तरी विषारी ठरू शकतात.

तिसरे काम सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे आहे: गळ्यात शंकूच्या आकाराची ई-कॉलर घालणे. प्राणी केविलवाणा दिसतो म्हणून ती काढून ठेवली जाते, आणि खाजऱ्या डोळ्याला पंजाने जखम होऊन साध्या लालीचा व्रण व्हायला एक रात्र पुरते. खाताना आणि नजरेसमोर असताना ती काढावी, झोपताना नक्की घालावी.

डोळ्यात काय घालू नये

मध, चहाचे पाणी, दूध, गुलाबपाणी, एरंडेल, व्हिनेगर, वनस्पतींचे रस, बोरिक पावडर: या सर्वांची शिफारस कुणी ना कुणी करत असते. मधाचे आणि काही वनस्पतींचे जंतुरोधक गुण प्रयोगशाळेत दिसलेले आहेत, हे खरे. पण स्वयंपाकघरातला पदार्थ निर्जंतुक नसतो, त्याची आम्लता आणि तीव्रता डोळ्याला मानवेल अशी ठरवलेली नसते, आणि कॉर्नियावर जखम असेल तर त्यातून नवे जंतू थेट आत पोहोचतात. चहाच्या कोमट पुरचुंडीने बरे वाटते ते बहुधा उबेमुळे. तेवढी ऊब स्वच्छ पाण्यातूनही मिळते.

यापेक्षा गंभीर धोका घरात उरलेल्या औषधांचा आहे. स्टिरॉइड असलेले थेंब लाली झपाट्याने कमी करतात आणि म्हणूनच फसवतात. कॉर्नियावर व्रण असताना ते घातले तर जखम भरत नाही, वाढते, आणि डोळ्याला भोकही पडू शकते. पशुवैद्य आधी फ्लुओरेसिन नावाचा रंग घालून जखम आहे का हे तपासतात ते याच कारणासाठी. जखमेची जागा हिरवी उजळून दिसते. निओमायसिन, पॉलिमिक्सिन यांसारखी प्रतिजैविके असलेल्या मलमांनी मांजरांत क्वचित, पण जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत. वेदना कमी व्हाव्यात म्हणून माणसांच्या गोळ्या देणे तर पूर्ण वर्ज्य आहे: पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकते आणि आयबुप्रोफेन कुत्रा व मांजर दोघांनाही विषारी आहे. नागिणीसाठी माणसांना दिल्या जाणाऱ्या ॲसिक्लोव्हिरच्या गोळ्याही मांजराला देऊ नयेत.

किती वाट पाहावी

स्वच्छता सुरू केल्यानंतर २४ तासांत थोडा तरी फरक दिसायला हवा आणि ४८ तासांत डोळा जवळपास पूर्ववत व्हायला हवा. स्राव पाण्यासारखा होता आणि आता पिवळा झाला, प्राणी डोळा मिटू लागला, किंवा दोन दिवसांत फरक पडला नाही, तर पुढे वाट पाहू नये. निघण्यापूर्वी काही तास डोळा धुऊ नये आणि त्यात थेंबही घालू नयेत. चिपडे पुसून स्वच्छ केलेला डोळा नेला की स्रावाचा नमुना मिळत नाही, आणि अश्रू मोजण्याची चाचणी चुकते. ही चाचणी कागदाच्या पट्टीने होते. कुत्र्यात एका मिनिटात पट्टी १५ मिलिमीटर किंवा अधिक भिजणे सामान्य मानतात, आणि १० पेक्षा कमी भिजली तर कोरड्या डोळ्याची शंका बळावते. त्याचे उपचार सायक्लोस्पोरिनसारख्या औषधांनी, बहुधा आयुष्यभर, करावे लागतात, आणि ते वेळेत सुरू झाले तर दृष्टी टिकते.

मांजरांत डोळे येण्यामागे हर्पिस विषाणू आणि क्लॅमिडिया हे जिवाणू ही दोन नेहमीची कारणे असतात. हर्पिस विषाणू एकदा शरीरात शिरला की चेतातंतूंत सुप्त राहतो आणि घर बदलणे, नवा प्राणी येणे किंवा दुसरे आजारपण अशा ताणाच्या काळात पुन्हा डोके वर काढतो. त्यामुळे जुन्या रुग्ण मांजराला शांत जागा आणि नियमित दिनक्रम देणे हाही उपचाराचाच भाग आहे. लायसिनची पूड यावर दीर्घकाळ सुचवली गेली, परंतु अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही. डोळ्यांसोबत शिंका आणि चोंदलेले नाक असेल तर मांजराला अन्नाचा वास येत नाही आणि ते खाणे सोडते, म्हणून अन्न किंचित कोमट करून द्यावे. क्लॅमिडियाचा संसर्ग मांजरांत एकमेकांना सहज लागतो आणि त्यासाठी काही आठवडे पोटातून औषध द्यावे लागते, तेही घरातल्या सर्व मांजरांना. लसीकरण न झालेल्या कुत्र्याचे डोळे आणि नाक दोन्ही घट्ट वाहत असतील, ताप आणि सुस्ती असेल, तर डिस्टेंपर या कुत्र्यांच्या गंभीर विषाणूजन्य आजाराची शक्यता असते. तिथे डोळे पुसत बसण्यात वेळ घालवू नये.

घरात अनेक प्राणी असतील तर आजारी प्राण्याची भांडी, अंथरूण आणि पुसण्याची कापडे वेगळी ठेवावीत आणि त्याला सर्वांत शेवटी हाताळावे. क्लॅमिडियाचा हा प्रकार माणसाला लागणे दुर्मीळ आहे, पण अशक्य नाही, म्हणून प्रत्येक वेळी हात धुवावेत आणि ओल्या हाताने स्वतःचे डोळे चोळू नयेत.

डॉक्टरांनी दिलेले औषध घालण्याची पद्धत

प्राण्याला आपल्या दोन पायांमध्ये किंवा मांडीवर, त्याची पाठ आपल्याकडे राहील असे बसवावे. एका हाताने हनुवटी उचलून तोंड किंचित वर करावे, बाटली धरलेला हात त्याच्या कपाळावर टेकवावा, म्हणजे त्याने डोके हलवले तरी हात सोबत हलतो आणि टोक डोळ्यात घुसत नाही. अंगठ्याने खालची पापणी किंचित खाली ओढून एकच थेंब टाकावा. जास्त थेंब बाहेरच ओघळतात. बाटलीचे टोक डोळ्याला किंवा केसांना लागू देऊ नये. दोन औषधे असतील तर त्यांत किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, थेंब आधी आणि मलम नंतर घालावे. मलमाची अर्धा सेंटिमीटर लांबीची रेघ खालच्या पापणीच्या आत सोडून पापणी हलकेच मिटू दिली की ते आपोआप पसरते. प्रत्येक वेळी लगेच आवडीचा खाऊ द्यावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्राणी पळून सोफ्याखाली जातो की स्वतःहून मांडीवर येतो, हे बऱ्याच अंशी या खाऊवर ठरते.

डोळा दोन दिवसांत स्वच्छ दिसू लागला तरी सांगितलेली मुदत पूर्ण करावी, आणि व्रण असेल तर फेरतपासणी चुकवू नये, कारण तो भरला की नाही हे रंग घातल्याशिवाय नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. उघडलेली बाटली साधारणतः चार आठवड्यांनंतर निर्जंतुक राहिली असे धरता येत नाही. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, आणि उपचार संपल्यावर उरलेले औषध पुढच्या वेळेसाठी न ठेवता टाकून द्यावे.